राउटर जागा कसा होतो?

पंख्याचे बटण दाबले की पंखा फिरू लागतो. दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो. राउटरचे मात्र तसे नाही. वीज जाऊन परत आली की त्याचे दिवे क्षणभर एकदम लागतात, मग विझतात, एखादा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो आणि मिनिट-दीड मिनिटाने कोठे संगणकावर संकेतस्थळे उघडू लागतात. तोवर आपण त्या खोक्याकडे पाहत ताटकळत बसतो.

या मिनिटभरात आत काय चाललेले असते? राउटरला ना कळफलक असतो, ना पडदा, ना कोणी चालवणारा माणूस. रात्री दोन वाजता वीज आली तरी तो कोणालाही न विचारता कामाला लागतो. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे त्याला कोण सांगते? आणि त्या सांगण्यात चूक झाली, किंवा कोणी मुद्दाम लबाडी केली, तर काय होते? या लेखात आपण याच प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत.

खोक्यातला संगणक

इंटरनेटची एकच जोडणी घरातल्या किंवा शाळेतल्या अनेक संगणकांना वाटून देणारे यंत्र म्हणजे राउटर. हा स्वतःही एक पुरता संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, रॅम म्हणजे कामापुरती तात्पुरती स्मृती असते आणि वीज गेली तरी मजकूर टिकवून धरणारी फ्लॅश स्मृती असते. नसते ती फक्त हार्ड डिस्क. राउटर चालवणाऱ्या सगळ्या आज्ञावल्या या फ्लॅश स्मृतीतच कोरलेल्या असतात. त्यांच्या संचाला ‘फर्मवेअर’ म्हणतात.

बहुतेक कंपन्या आपले फर्मवेअर उघड करीत नाहीत. त्यामुळे आम्ही येथे कोणालाही वाचता येईल अशा एका फर्मवेअरचे उदाहरण घेतले आहे. त्याचे नाव ओपनडब्ल्यूआरटी. त्याच्या जन्माची कथाही सांगण्यासारखी आहे. लिंकसिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स ही कार्यप्रणाली वापरली आहे, असे २००३ मध्ये काही जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्स कोणालाही फुकट वापरता येते, पण तिच्या परवान्याची एक अट आहे: ती वापरून केलेली वस्तू जो विकेल, त्याने त्यातील लिनक्सच्या आज्ञांचा मूळ मजकूर ग्राहकांना खुला केला पाहिजे. त्यानुसार कंपनीने तो मजकूर प्रसिद्ध केला आणि त्याच पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. तिच्या नावातील ‘डब्ल्यूआरटी’ ही अक्षरे त्या राउटरवरून आली आहेत.

या मालिकेतील २००५ सालच्या ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ राउटरचा प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा, रॅम १६ मेगाबाइट आणि फ्लॅश स्मृती अवघी ४ मेगाबाइट होती. आजच्या मोबाइल फोनने काढलेले एखादे छायाचित्रही तेवढ्या जागेत मावायचे नाही. अर्थात आजची ओपनडब्ल्यूआरटीही त्या यंत्रात मावत नाही. पण जागा कमी असताना काम कसे नेटके करायचे, याची जी शिस्त त्या काळात लागली ती अजून कायम आहे. पुढे दिलेला क्रम आजच्या ओपनडब्ल्यूआरटीचा आहे.

रिकाम्या स्मृतीपासून सुरुवात

वीज आली त्या क्षणी रॅम रिकामी असते. प्रोसेसरला लिनक्स ठाऊक नसते, इंटरनेट ठाऊक नसते, आपण राउटर आहोत हेही ठाऊक नसते. त्याच्या रचनेत एकच गोष्ट पक्की बसवलेली असते: जागे झाल्यावर अमुक पत्त्यावरची आज्ञा वाचायची. त्या पत्त्याच्या वाटेवर फ्लॅश स्मृतीच्या सुरुवातीला एक छोटी आज्ञावली ठेवलेली असते. तिला ‘बूटलोडर’ म्हणतात. वर सांगितलेल्या राउटरमध्ये तिच्यासाठी २५६ किलोबाइट जागा राखून ठेवली होती.

बूटलोडरचे काम मोजकेच असते. तो रॅम वापरण्याजोगी करतो, फ्लॅशमध्ये घडी घालून ठेवलेला लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, उलगडून रॅममध्ये आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. शाळेचे फाटक उघडणारा शिपाई वर्गात शिकवीत नाही, पण त्याच्याशिवाय शाळाही भरत नाही. तसेच हे.

आता कर्नल प्रोसेसरची, स्मृतीची आणि जोडणीच्या खाचांची ओळख पटवून घेतो. फ्लॅश स्मृतीचे कप्पे कोठून कोठवर आहेत ते पाहतो आणि फायलींची मांडणी वापरासाठी खुली करतो. मग तो एकच आज्ञावली स्वतः सुरू करतो. तिचे नाव ‘इनिट’. चालू आज्ञावलीला लिनक्समध्ये ‘प्रक्रिया’ म्हणतात आणि प्रत्येक प्रक्रियेला क्रमांक मिळतो. इनिटचा क्रमांक १. यापुढे सुरू होणाऱ्या साऱ्या सेवा तिच्याच वंशातल्या. ही पहिली प्रक्रिया मेली तर कर्नलही हात टेकतो आणि यंत्र थांबते.

अशा वेळी यंत्र तसेच बंद पडून राहू नये म्हणून अनेक राउटरांत एक पहारेकरी घड्याळ असते. इनिट ते आरंभीच सुरू करते. त्याची मुदत सहसा ३० सेकंदांची असते आणि चालू यंत्रणा दर ५ सेकंदांनी ‘मी जागी आहे’ अशी खूण त्याला देत राहते. खूण आली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ३० सेकंदांत एकदाही खूण आली नाही, तर आतले सारे ठप्प झाले आहे असे समजून हे घड्याळ यंत्र नव्याने सुरू करते.

चूक होण्याआधीची खिडकी

यानंतरच्या टप्प्याला ‘प्रीइनिट’ म्हणजे पूर्वतयारी म्हणतात. तो समजण्यासाठी आधी फ्लॅश स्मृतीची एक खुबी पाहू.

भूगोलाच्या तासाला आपण छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवतो आणि त्यावर नद्या, शहरे रंगवतो. पाहणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतात, पण मूळ नकाशावर एक रेघही उमटत नाही. कागद उचलला की नकाशा कोरा करकरीत. ओपनडब्ल्यूआरटीत फायलींची मांडणी बहुधा अशीच दोन थरांची असते. खालचा थर घट्ट दाबून बसवलेला असतो आणि तो फक्त वाचता येतो. आपण परवलीचा शब्द बदलला, नवी सेवा बसवली, की तो बदल वरच्या थरात लिहिला जातो. वाचताना वरच्या थराला मान दिला जातो. तेथे काही नसेल तर खालचे दिसते. राउटर ‘मूळ पदावर’ आणणे म्हणजे दुसरे काही नसून हा वरचा कागद पुसून टाकणे होय.

आता समजा, वरच्या थरात आपण अशी काही चूक करून ठेवली की राउटरशी संपर्कच होईना. पडदा नाही, कळफलक नाही. दुरुस्ती करायची कशी? यासाठी पूर्वतयारीच्या कामांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. या कामांच्या फायलींच्या नावांआधी क्रमांक असतात. ‘बचावासाठी थांबा’ या अर्थाच्या फायलीचा क्रमांक ३० आहे, तर वरचा थर जोडणाऱ्या फायलीचा ८०. म्हणजे आपले बदल वाचले जाण्यापूर्वीच राउटर क्षणभर, साधारण दोन सेकंद, थांबतो आणि दिवा लुकलुकवून जणू विचारतो, ‘काही अडचण आहे का?’ त्या वेळी खोक्यावरचे बटण दाबले तर तो वरच्या थराकडे न पाहता केवळ मूळ थरावर उभा राहतो आणि ठरावीक पत्त्यावर आपली वाट पाहतो. मग चूक शोधून दुरुस्त करता येते. क्रम उलटा असता, आधी वरचा थर आणि मग बटणाची विचारणा, तर या बटणाचा काही उपयोग झाला नसता.

कोणी बटण दाबले नाही तर पूर्वतयारी पुरी होते आणि क्रमांक १ च्या गादीवर ‘प्रॉकडी’ ही आज्ञावली येते. २०१४ च्या आवृत्तीपासून ओपनडब्ल्यूआरटीचा कारभार हीच पाहते.

हजेरीपट आणि क्रमांक

आता आपण मुख्य विषयाकडे आलो. राउटरच्या सेवा अनेक असतात: जोडण्या उभारणारी, बाहेरच्यांना अडवणारी, संगणकांना पत्ते वाटणारी, घड्याळ लावणारी. प्रत्येक सेवेसाठी एक ‘स्क्रिप्ट’, म्हणजे आज्ञांची छोटी संहिता, लिहिलेली असते. या सगळ्या संहिता ‘इनिट.डी’ नावाच्या एका कप्प्यात असतात. पण त्या कप्प्यात असणे म्हणजे सुरू होणे नव्हे. शाळेच्या दप्तरात नाव असणे वेगळे आणि आजच्या कामाच्या फळ्यावर नाव असणे वेगळे.

तो फळा म्हणजे ‘आरसी.डी’ नावाचा दुसरा कप्पा. त्यात संहिता नसतात, संहितांकडे बोट दाखवणारे दुवे असतात. प्रत्येक संहितेत ‘स्टार्ट’ या शब्दापुढे एक क्रमांक लिहिलेला असतो. सेवा ‘सक्षम’ करा अशी आज्ञा दिली की त्या क्रमांकाचा दुवा या कप्प्यात तयार होतो. नेटवर्क सेवेचा क्रमांक २०, म्हणून तिचा दुवा ‘एस२०नेटवर्क’. ‘एस’ सुरू करण्यासाठी. बंद करताना लागणारे दुवे ‘के’ या अक्षराने सुरू होतात. सेवा ‘अक्षम’ केली की दुवा पुसला जातो, मूळ संहिता मात्र सुरक्षित राहते. ही पद्धत राउटरसाठी शोधलेली नाही. १९८० च्या दशकातील ‘सिस्टिम फाइव्ह’ या युनिक्स कार्यप्रणालीतून ती वारशाने आलेली आहे.

प्रॉकडी हा कप्पा उघडते, ‘एस’ने सुरू होणारी नावे क्रमाने लावते आणि एकेका संहितेला ‘बूट’ अशी हाक देते. एक संपली की दुसरी. नेहमीच्या मांडणीतले काही क्रमांक असे आहेत:

०० – घड्याळाची तात्पुरती दुरुस्ती
१० – प्राथमिक मांडणी
१२ – घडामोडींची नोंदवही
१९ – फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत
२० – नेटवर्क
५० – वेळापत्रकाप्रमाणे कामे करणारी ‘क्रॉन’ सेवा
९५ – ‘झाले’ या अर्थाची शेवटाकडची संहिता
९८ – इंटरनेटवरून वेळ विचारणारी सेवा

यातले दोन क्रमांक जरा थांबून पाहण्यासारखे आहेत.

पहिला, १९ आणि २०. जोडणी उभी राहण्याआधी भिंतीचे नियम तयार असतात. क्रम उलटा असता तर दार उघडे आणि पहारेकरी वाटेत, असे काही क्षण मिळाले असते. इंटरनेटवर उघडी दारे सतत चाचपणाऱ्या आज्ञावल्यांना तेवढे क्षणही पुरतात.

दुसरा, शून्य क्रमांक. आपल्या मेजावरच्या संगणकात बटणाएवढी बॅटरी असते, तिच्यावर घड्याळ चालू राहते. बहुतेक राउटरांत ती नसते. त्यामुळे वीज गेली की राउटरची कालगणना पुसली जाते आणि लिनक्सच्या लेखी पुन्हा १ जानेवारी १९७० उजाडते. खरी वेळ इंटरनेटवरून कळेल, पण इंटरनेट अजून लांब आहे. मग एक साधी युक्ती करतात. ‘ईटीसी’ या मांडणीच्या कप्प्यात सर्वांत अलीकडे बदललेली फाइल शोधायची आणि तिच्यावरची वेळ हीच आताची वेळ समजायची. ही वेळ बरोबर नसते, पण खरी वेळ हिच्या आधीची नक्कीच नसणार. फाइल बदलली तो क्षण तर होऊन गेलेला आहे! तुटपुंज्या पुराव्यावरून खात्रीची किमान मर्यादा काढण्याचा हा तर्क वर्गात सांगण्याजोगा आहे.

सुरू झाले म्हणजे तयार झाले का?

क्रमांकांच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. २० क्रमांकाची संहिता संपली म्हणजे नेटवर्क उभारण्याचे काम सुरू झाले, एवढेच. सेवा देणाऱ्या कंपनीशी बोलणी होऊन इंटरनेट प्रत्यक्ष यायला आणखी काही सेकंद लागतात, कधी मिनिटेही. तार तुटलेली असेल तर ते येतच नाही. म्हणून एखाद्या संहितेला ९९ क्रमांक दिला तरी ती चालेल तेव्हा इंटरनेट असेलच, याची हमी नाही.

यावर उपाय क्रमांकात नाही, घटनेत आहे. ‘अमक्यानंतर कर’ असे सांगण्याऐवजी ‘अमुक घडले की कर’ असे सांगायचे. ओपनडब्ल्यूआरटीत यासाठी ‘हॉटप्लग’ नावाची सोय आहे. जोडणी उभी राहिली किंवा पडली की तशी वर्दी दिली जाते आणि त्या घटनेसाठी नेमलेल्या संहिता चालवल्या जातात. फायरवॉलसुद्धा अशी वर्दी ऐकते आणि नव्या जोडणीला आपले नियम लावते.

तिसरा प्रश्न उरतो: सेवा सुरू झाली, पण मध्येच कोसळली तर? सांगितले असेल तर प्रॉकडी तिला पाच सेकंदांनी पुन्हा उभी करते. पण ती पुन्हापुन्हा लगेच कोसळू लागली, तर नेहमीच्या मांडणीत पाच प्रयत्नांनंतर नाद सोडते. जी सेवा उभीच राहू शकत नाही तिला अखंड उठवत बसले तर बाकीच्यांचे काम अडेल, हे त्यामागचे कारण.

साध्या चुका, मोठे परिणाम

आपल्याला काही वाढीव आज्ञा द्यायच्या असतील तर त्यासाठी ‘आरसी.लोकल’ नावाची फाइल असते. ९५ क्रमांकाची संहिता ती चालवते. येथे नवशिके हमखास तीन-चार ठिकाणी अडखळतात.

या फाइलच्या तळाशी ‘एक्झिट ०’, म्हणजे ‘येथे संपले’, अशी ओळ असते. तिच्या खाली लिहिलेली आज्ञा कधीच चालत नाही. कधीही न संपणारी आज्ञा येथे लिहिली तर ९५ च्या पुढचे सगळे तिष्ठत राहते. ९८ क्रमांकाला वेळ विचारायची संधीच मिळत नाही आणि राउटरचे घड्याळ चुकीचे राहते. अशी आज्ञा पार्श्वभूमीवर पाठवावी लागते. इनिट.डी मध्ये स्वतः लिहून ठेवलेल्या संहितेला ‘चालवण्याजोगी’ असा शिक्का दिला नसेल, तर ती नुसती पडून राहते. आणि विंडोज संगणकावर लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते. त्यामुळे पहिल्याच ओळीतले आज्ञावलीचे नाव लिनक्सला ओळखू येत नाही. डोळ्यांना सगळे बरोबर दिसते, आणि तरी काहीच होत नाही!

यादीत कोणाचे नाव आहे?

आरंभीच्या यादीवर ज्याचे नाव, त्याची यंत्रावर सत्ता. हे दोन घटनांवरून नीट समजते.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. कारखान्यातून येणारे, कोणी न बदललेले साठाहून अधिक परवलीचे शब्द ती एकामागून एक लावून पाहत असे आणि कॅमेऱ्यांत व राउटरांत शिरत असे. पण ती केवळ रॅममध्ये राहत होती. यंत्र बंद करून चालू केले की ती नाहीशी होई. परवलीचा शब्द तोच ठेवला तर मात्र थोड्याच वेळात पुन्हा हजर.

२३ मे २०१८ रोजी सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-विभागाने ‘व्हीपीएनफिल्टर’ची माहिती जाहीर केली. किमान ५४ देशांतील किमान ५ लाख यंत्रांत ती शिरली होती. हिची रचना तीन टप्प्यांची होती. दुसरा आणि तिसरा टप्पा रॅममध्ये राहत, म्हणून यंत्र बंद-चालू केले की पुसले जात. पहिला टप्पा मात्र टिकून राहत असे, कारण त्याने आपले नाव क्रॉनच्या वेळापत्रकात घालून ठेवले होते. यंत्र जागे झाले की तो जागा होई आणि पुढचे टप्पे पुन्हा मागवून घेई. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला दिला, त्याने नंतरचे टप्पे पुसले गेले. पण मूळ उपटून काढायला राउटर मूळ पदावर आणणे आणि नवे फर्मवेअर घालणे आवश्यक होते.

दोन्ही आज्ञावल्या घातकच. फरक इतकाच, की एक वहीत नाव न घालता वर्गात बसली होती आणि दुसरीने हजेरीपटावर नाव चढवले होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. शाळेचा राउटर सोयीच्या वेळी बंद करून चालू करा. कोणता दिवा कितव्या सेकंदाला लागला याची विद्यार्थ्यांना नोंद करू द्या. दोन-तीन वेळा मोजून क्रम तोच राहतो का आणि वेळ किती बदलते ते पाहा.

२. १०, ९, ९५, १००, १९, २ हे अंक संख्या न मानता शब्द मानून, शब्दकोशाप्रमाणे क्रमाने लावायला सांगा. उत्तर येईल: १०, १००, १९, २, ९, ९५. आरसी.डी मधील नावे अशीच लावली जातात. मग एक अंकी क्रमांक ‘०५’ असा दोन अंकी का लिहावा लागतो, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

३. सकाळी शाळा उघडल्यापासून पहिला तास सुरू होईपर्यंतची कामे चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्यांना क्रमांक द्या. कोणती कामे क्रमाने करून चालतील आणि कोणती ‘अमुक घडले की’ या वर्गात बसतील, यावर चर्चा घ्या.

४. फायरवॉलला २० आणि नेटवर्कला १९ क्रमांक दिला तर दिवे, वेग, संकेतस्थळे यांत वरवर काही फरक दिसेल का? दिसत नसेल, तर ती चूक अधिक धोक्याची की कमी?